किटलीकाकूंचा सुरंगी चहा

किटलीकाकू हातात किटली घेऊन घराबाहेर पडल्या, की आमच्या आळीतल्या बायका खिडकीतून डोकावून आधी त्या कुठल्या बाजूला वळतात ते बघायच्या. वर वळल्या की वरच्या अंगाची आजारी माणसं डोळ्यांसमोर यायची, खाली वळल्या की खालच्या अंगाची. एरवी या बाईंना वाटेत गाठून बोलायला सगळ्यांनाच आवडायचं. भाजी आणायला निघालेल्या काकू परत येईपर्यंत अण्णांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, दुपारची झोप होऊन जायची. पण किटली हातात असली की 'कुठे निघालात?' असं कोणी विचारत नसे. ती किटली एकाच कामासाठी बाहेर निघायची. ज्या घरात माणूस गेलं असेल, त्या घरी चहा न्यायला.

किटली ॲल्युमिनियमची, हॉटेलात असते तशी. पोटाला एका बाजूने पोचा आलेला आणि कडीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. घरातल्या रोजच्या चहाशी तिचा काही संबंध नव्हता. ती मागच्या पडवीत खुंटीला टांगलेली असायची. काम करून आल्या की काकू पडवीबाहेरच्या दगडावर तिला राखेने घासायच्या, स्वतः डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि मगच घरात पाऊल टाकायच्या. आता ती किटली माझ्याकडे, माझ्या मागच्या पडवीत आहे. हल्ली मी नुसती पिशवी घेऊन बाहेर पडले तरी बायका आधी माझ्या हाताकडे बघतात.

मी घाटावरची, कऱ्हाडकडची. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि महिन्याच्या आत माझ्या सासूबाई गेल्या. घर माणसांनी भरलेलं होतं आणि त्यातली निम्मी कोण हेही मला ठाऊक नव्हतं. नव्या सुनेने रडावं की कामाला लागावं ते कळेना, म्हणून मी मागच्या दारी धुण्याच्या दगडाला टेकून उभी होते. तेवढ्यात परड्यातून एक ठेंगणी बाई किटली घेऊन आली. ओळख ना पाळख, काचेचा ग्लास भरून तिने माझ्या एका हातात दिला, मग माझा दुसरा हात उचलून तोही ग्लासाला लावला. म्हणाली, "दोन्ही हातांनी धर. आणि आधी घे. रडायला पण घशात ओल लागते गो." मी प्याले आणि मग रडले. तोवर ती बाई आत जाऊन माझ्या सासऱ्यांसमोर उकिडवी बसलीसुद्धा होती.

माणूस जातं त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. जेवण शेजारपाजारचे आणून देतात. पण जेवणाची वेळ फार उशिरा येते. त्याआधीच्या वेळात मुंबईची माणसं वाटेत असतात, अंगणात पुरुष हलक्या आवाजात लाकडांचं बोलत असतात आणि घरातल्या माणसांकडे कोणी बघायला धजत नाही. ती वेळ काकूंची. त्या नेहमी मागच्या दाराने यायच्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुढच्या दाराने येतात ती भेटायला आलेली. त्यांच्याशी बोलावं लागतं. मागच्या दाराने आलेल्याशी कोण बोलतंय?"

त्या स्वतःही बोलत नसत. कधी कोणाचं सांत्वन केलं असेल तर शपथ. 'देवाची इच्छा', 'सुटल्या बिचाऱ्या', 'आता तुम्हीच धीर धरायला हवा' ही वाक्यं ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. म्हणायच्या, "या बाया येतात, घरच्यांना नव्याने रडवतात आणि पदर सावरून जातात. आपण घोटभर पाजून यावं." आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाल्यावर कोणी गेलं की त्यावर हात जोडलेली चित्रं धडाधड यायला लागली. मी काकूंना ती दाखवली. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिली आणि विचारलं, "ह्यानं कोणाचा घसा ओला होतो काय?"

त्यांचा चहा म्हणजे 'सुरंगी'. रत्नागिरीतल्याच एका व्यापाऱ्याने स्वतः मिश्रण करून बांधलेला, पिवळ्या कागदी पाकिटावर सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचं, म्हणजे गजऱ्याचं, चित्र. बाहेरगावी त्याचं नावही कोणाला माहीत नसेल. काकूंच्या किटलीत आलं नाही, वेलची नाही, गवती चहाची पात तर नाहीच. "घमघमाट सुटला की वाटतं घरात कार्य हाय," त्या म्हणत. साखर जरा पुढे, दूध बेताचं, बाकी सगळा भार त्या पत्तीवर. रंगाला तांबूस, चवीला कडक, पण घशाला न धरणारा. पहिला घोट घेतला की माणूस आपोआप दुसरा घ्यायचा. माझ्यासारख्या घाटावरच्या बाईलाही तो आवडायचा. आमच्या माहेरचा चहा काकूंनी एकदा चाखला होता आणि "खोकला झाला की करीत जा" एवढाच अभिप्राय दिला होता.

एकदा मात्र त्या किटलीने फार घोटाळा केला. पलीकडच्या पेडणेकरांची म्हातारी आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. एका दुपारी त्यांच्या पुढच्या दारी चपलांचा ढीग, आणि आत चिडीचूप. काकूंनी ते पाहिलं, घरी येऊन आधण ठेवलं आणि किटली भरून पेडणेकरांच्या मागच्या दाराने आत शिरल्या. पहिला ग्लास पेडणेकरवहिनींच्या दोन्ही हातांत देऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वहिनी नऊवारीत, केसांत गजरा. बाहेर ओटीवर त्यांच्या मुलीला बघायला लांज्याची मंडळी आली होती आणि मुलाचा मामा प्रश्न विचारत होता, म्हणून ती शांतता. तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "किटली वाजली ती? कोण गेलं गो?"

लांज्याच्या मंडळींना आपली रीतसर चहाची व्यवस्था झाली असंच वाटलं. त्यांनी तो चहा घेतला, वर मुलाच्या मामाने आणखी मागून घेतला, आणि लग्न जमलं. पण काकूंनी ते मनाला फार लावून घेतलं. लग्नाला त्या गेल्या तेव्हा मांडवात शिरताच लोकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि हातात आहेराची पिशवी दिसल्यावर सगळे हसले. काकूही हसल्या. घरी येताना मला म्हणाल्या, "हसूदेत. माझ्या हातात किटली नसली की लोकांना बरं वाटतं, आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी मी असले की बरं वाटतं. दोन्ही ठीक हाय."

मग सुरंगीचे मालक गेले. काकूंची त्यांच्याशी काही ओळख नव्हती, तरी माझ्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर किटली धरून त्या त्यांच्या घरी गेल्या. त्यांच्याच पत्तीचा चहा त्यांच्याच बायकोला पाजला. त्या बाईंनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, वास घेतला आणि काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिथे उभं राहवेना. शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या.

त्यानंतर काही दिवसांनी राम आळीतल्या नेहमीच्या दुकानात पत्ती मिळेना. दुकानदार म्हणाला, सुरंगी बंद झाला. काकूंना वाटलं हा माल दडवून ठेवतोय. त्याच्या फळीमागे वाकून पाहायचंच त्यांनी बाकी ठेवलं. शेवटी मी मालकांच्या मुलाला फोन लावला. तो पुण्याला नोकरीत. फार चांगला बोलला. म्हणाला, "बाबा स्वतःच मिश्रण करायचे. कुठल्या पेटीतलं किती घालायचं ते त्यांच्या हातात होतं. आम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही." मी ते काकूंना सांगितलं. घरात असलेलं शेवटचं पाकीट त्यांनी रोजच्या वापरातून काढून किटलीसाठी बाजूला ठेवलं.

मग शोध सुरू झाला. आळीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या घरचा चहा हाच सुरंगीचा सख्खा भाऊ. पेडणेकरांनी हॉटेलवाले वापरतात ती भुकटी आणली. काकूंची मुलगी माधवी डोंबिवलीला असते, तिने दोऱ्याच्या पुड्यांचा डबा पाठवला. काकू म्हणाल्या, "ह्या काय चहाला मुंजी लावल्यात?" राजिवड्याच्या हमीदाभाभी मासळी घेऊन आळीत यायच्या, काकूंच्या जुन्या मैत्रीण. त्यांच्या सासऱ्यांची मय्यत झाली तेव्हाही काकू किटली घेऊन गेल्या होत्या. त्यांनी कुवेतहून मुलाने आणलेला पत्र्याचा डबा आणून दिला. "घ्या वो काकू, तिकडचे शेख लोक हाच पितात." मीही फोनवर शोधून आसामची, निलगिरीची, कुठली कुठली पाकिटं मागवली.

प्रत्येक चहा काकूंच्या स्वयंपाकघरात होई. एक कप अण्णांना, एक मला, एक त्यांना. अण्णा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आणि बोलण्याच्या बाबतीत त्याआधीच निवृत्त झालेले. ते बशीत ओतून फुंकर मारत सगळं पिऊन टाकायचे आणि पेपर उघडायचे. चहा कसा होता हे त्यांनी अख्ख्या संसारात कधी सांगितलं नव्हतं. काकू एक घोट घ्यायच्या, खिडकीबाहेरच्या फणसाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हा नव्हे." दुसरं पाकीट, दुसरा घोट, पुन्हा फणस, "हा नव्हे." वाईट आहे असं कधी म्हणायच्या नाहीत. उरलेलं पाकीट माझ्या हातात द्यायच्या, "ने, तुझ्याकडे पाव्हणे येतात." मला इतकी पाकिटं ठेवायला जागा नव्हती. मी एका मोठ्या डब्यात ती सगळी एकत्र ओतत गेले. आमच्या घरात त्याचं नाव पडलं नापासांचा डबा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, हा मागचा चांगला होता की. मला तर फरकही कळला नाही."

"तुला कसा कळेल? तू सुखात पितेस. मी पण सुखात पितेय. आपल्या जिभा काय कामाच्या?"

हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि आळीवर नवं संकट आलं. काकू दुःखी माणसं शोधायला लागल्या. कोणी मेलेलं नको होतं त्यांना, नुसतं थोडं दुःख हवं होतं, चहा तपासण्यापुरतं. कोणाची बदली झाली, कोणाच्या बागेतला मोहोर गळला, की काकू कप घेऊन हजर. पेडणेकरांचा म्हातारा कुत्रा मेला तेव्हा पेडणेकरांसारखा भला मोठा माणूस पायरीवर बसून हुंदके देत होता. काकू धावत जाऊन चहा घेऊन आल्या. पेडणेकरांनी रडत रडत तो संपवला आणि कप पुढे केला. मला वाटलं, सापडला. पण काकूंनी मान हलवली. "ते कसलापण पितील. त्यांना चहा कधी नको झालाय?"

मग कोणीतरी सांगितलं की लांज्याला स्टँडजवळच्या एका दुकानात सुरंगीची पाकिटं अजून दिसतात. आम्ही दोघी एसटीने गेलो. दुकान काजूगराचं. मालकाने स्टुलावर चढून सर्वांत वरच्या फळीवरून, काजूच्या पिशव्यांमागून, पाकिटं काढली. पिवळा रंग उडून पांढुरका झालेला. काकूंनी हातातलं पाकीट पदराने पुसलं, कोपरा फाडला आणि नाकाला लावला. नुसत्या कागदाचा वास येत होता. त्यांनी कोपरा नीट दुमडून पाकीट परत दिलं आणि म्हणाल्या, "गेलेला हाय हा." माणसाबद्दल बोलतात त्या सुरात.

परतीची गाडी यायला वेळ होता. आम्ही स्टँडच्या बाकावर बसलो. मी आपली बोलायचं म्हणून म्हणाले, "जाऊ दे ना काकू. लोकांना तुम्ही येता त्याचं महत्त्व असतं. चहा कुठला का असेना." त्या एकदम माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं शेजारी राहूनही मला माहीत नसलेली गोष्ट त्यांनी तिथे, गाड्यांच्या घोषणा चालू असताना सांगितली.

"माधवीच्या आधी माझा एक झील गेला. बारशाच्या आत. मी नाटे गावातून लग्न होऊन आलेली, इथं माझं कोण नव्हतं. एवढ्याशा पोराचं काय करायचं, त्याला सुतक पण धड नसतं. सगळी म्हणाली, रडू नको, पुन्हा होईल. दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली, भाकऱ्या झाल्या. माझ्या घशाखाली पाणी उतरेना. मागच्या आवाठात एक म्हातारी होती, तिचं माझं कधी बोलणं नाय. ती परड्यातून आली, ग्लास दोन्ही हातांत दिलान आणि बसली. बोलली काय नाय. तो चहा उतरला गो. तेव्हा मला कळलं, मी हाय अजून. म्हातारी मेली तेव्हा तिच्या सुनेने किटली भंगारात काढलीन, ती मी मागून आणली. चहा तिचाच, सुरंगी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सांगायचं काय तर, माझ्या येण्याने काय होत नाय. मी कोण? तो चहा उतरतो म्हणून मी जाते. तो नसला तर मी काय घेऊन जाऊ?"

गाडी आली आणि आम्ही चढलो.

बाजूला ठेवलेलं पाकीट पुरवून पुरवून किती पुरणार? ते संपलं, आणि नेमकी त्यानंतर शैलावर वेळ आली. शैला आमच्या आळीच्या वळणावर राहायची, माझ्याहून लहान. तिचा नवरा हायवेवर अपघातात गेला. काकूंनी नापासांतल्या त्यातल्या त्यात बऱ्या चहाचं नवं पाकीट मागवलं, किटली भरली, मागच्या दाराने गेल्या. मी बरोबर होते. शैला भिंतीला टेकून बसली होती. काकूंनी तिच्या हातात ग्लास दिला, दुसरा हात लावला आणि समोर बसल्या. शैलाने ग्लास धरला, पण तोंडाला लावला नाही. साय धरली, चहा निवला, तरी काकू उठल्या नाहीत. शेवटी शैलाला आत नेलं तेव्हा काकूंनी तिच्या हातातून तो ग्लास काढून घेतला आणि गार चहा स्वतः पिऊन टाकला. वाटेत मला एवढंच म्हणाल्या, "नाय उतरला."

मी परोपरीने सांगितलं की तिचं दुःखच तेवढं मोठं आहे, कुठलाही चहा उतरला नसता. पण काकूंनी किटली घासली, पालथी घातली आणि खुंटीला टांगली. त्यानंतर आळीत कोणी गेलं की त्या जायच्या. पण रिकाम्या हाताने, दुपारनंतर, पुढच्या दाराने. इतर बायकांसारख्या सतरंजीवर बसायच्या आणि इतर बायकांसारख्याच पदर सावरून परत यायच्या. लोक मला विचारायचे, "काकूंना बरं नाही का?" मला त्यांचा राग यायचा, आणि काकूंचाही यायचा. एवढी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या वर्षी, आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत, काकू सकाळी आंघोळीला पाणी तापवायला म्हणून मागच्या पडवीत गेल्या आणि तिथेच बसल्या त्या बसल्याच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. माधवीला फोन गेला, ती डोंबिवलीहून निघाली. अंगणात पुरुष जमले, हलक्या आवाजात लाकडांचं बोलायला लागले. पुढच्या दारी चपला साठल्या. अण्णा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर घडीचा पेपर तसाच. कोणी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हतं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की जिने आता मागच्या दाराने यायचं, ती आत निजलेली आहे.

मी पडवीत गेले आणि खुंटीवरची किटली काढली. घरी आणून आधण ठेवलं. माझ्या पत्तीच्या डब्याने नेमका त्या दिवशी तळ गाठला होता. दुकानात जायला वेळ नव्हता. वरच्या फळीवरून नापासांचा डबा काढला. पेडणेकरांची भुकटी, हमीदाभाभींचा कुवेत, माधवीच्या फोडलेल्या पुड्या, माझी आसाम-निलगिरी, सगळं त्यात एक झालेलं. आलं नाही, वेलची नाही. साखर जरा पुढेच गेली. पाणी उकळत असताना मागच्या दारात शैला येऊन उभी राहिली. न सांगता ग्लास विसळायला बसली.

"वहिनी," ती खाली मान घालूनच म्हणाली, "त्या दिवशी मी प्याले नाय ना, त्याचं काकूंनी वाईट वाटून घेतलं असं ऐकलं."

"घेतलं खरं."

"मला त्या दिवसाचं काही आठवत नाय. कोण आलं, काय बोलले, काही नाय. एवढंच आठवतंय की हातात काहीतरी गरम होतं, आणि समोर कोणीतरी बसलं होतं. ते निवेपर्यंत उठलं नाय." तिने ग्लास उपडा घातला. "सांगायला हवं होतं मी त्यांना. आज जाते, उद्या जाते, असं करत राहिले."

मला रडू फुटलं ते तिथे, गॅससमोर. शैलाने किटलीवर गाळणं धरलं आणि मी ओतलं.

आम्ही परड्यातून गेलो. मागच्या दाराने. मी अण्णांसमोर उकिडवी बसले, ग्लास भरला, त्यांच्या एका हातात दिला, मग दुसरा हात उचलून ग्लासाला लावला. बशी दिली नाही. बोलले काही नाही. अण्णा बराच वेळ ग्लासातल्या वाफेकडे बघत राहिले. शैला माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी ग्लास ओठाला लावला आणि एक घोट घेतला. खिडकीबाहेर फणसाकडे पाहिलं.

"हा नव्हे," अण्णा म्हणाले.

मग दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ग्लास संपला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास माझ्यापुढे केला.

"दे अजून."